डिप्रेशनचं काउन्सेलिंग: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी सुरुवात कुठनं करायची

डिप्रेशनवर मराठीत काही शोधायला गेलं की सगळं पुण्या-मुंबईचं सापडतं, तिथले डॉक्टर, तिथल्या संस्था, तिथली फी. कर्नाटक सरकारचं काय आहे ते बघायला गेलं की सगळं कन्नडात. मधे आपण, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडची मराठी माणसं. घरात कुणाला तरी नाहीतर स्वतःलाच काउन्सेलिंग लागणार आहे हे कळलंय, खरं पुढं काय करायचं ते कळंना झालंय, अशांसाठी हे लिहितोय. लांबलंय जरा.

एक गोष्ट थांबणारी नाही म्हणून ती पहिला. मरायचे विचार आत्ता येत असतील, किंवा घरातलं कुणी "मी नसलेलंच बरं" असं बोलायला लागलंय, तर खालचं सगळं नंतर वाचा. १४४१६ ला, म्हणजे सरकारच्या फुकट मानसिक आरोग्य हेल्पलाईनला फोन लावा, आणि कुणी काही करून घेतलं असेल किंवा करायच्या बेतात असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स किंवा ११२. त्या माणसाला एकटं सोडू नका. आपल्याकडं शेतीची घरं, गोठ्यात नाहीतर माळ्यावर तणनाशकाची, कीटकनाशकाची बाटली असतीच, ती आजच्या आज उचलून दुसऱ्याच्या घरी ठेवा, गोळ्यांच्या स्ट्रिप्स पण. "मरावं असं वाटतंय काय तुला?" असं सरळ विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट विचारल्यावर बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळणारी घरं अजून आहेत. दवाखाना पोलिसांना कळवतो हे खरं आहे, खरं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं म्हटलंय आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकलीय.

आता मूळ विषय. मला विचाराल तर इकडच्या माणसानं डॉक्टरच्या आधी भाषा ठरवावी. गोळी लिहून द्यायला डॉक्टरला तुमची झोप, भूक, वजन, घरात आधी कुणाला होतं काय, एवढं कळलं की पुरतं, ते तोडक्यामोडक्या कन्नडात किंवा हिंदीतनं पण जमतं. काउन्सेलिंग मात्र म्हणजे पाऊण तास नुसतं बोलणं. माझी एक मावसबहीण आहे खानापूर साईडची, तिला घेऊन आम्ही गेलो होतो, डॉक्टर चांगले होते, हिंदीतनं विचारायचे उदास वाटतं काय, रडू येतं काय, ही सगळ्याला मान हलवून नाही म्हणायची. नंतर बाहेर बसल्यावर तिथल्या सिस्टरनी मराठीत सहज विचारलं, काय ओ आक्का, सकाळी उठून गॅस पेटवावासा तरी वाटतोय काय? तिथं जी रडायला लागली ती थांबेच ना. तेव्हा गोळ्या एकीकडं आणि बोलणं दुसरीकडं असं दोन ठिकाणी ठेवलं तरी चालतं, डॉक्टर धारवाडचे आणि काउन्सेलर मराठी बोलणारा, यात काही चुकीचं नाही, फक्त दोघांना एकमेकांचं माहीत पाहिजे.

आधी बघा, हे डिप्रेशन आहे काय

पीएचक्यू-९ म्हणून एक प्रश्नावली आहे, नऊ प्रश्नांची, जगभर डॉक्टर वापरतात, मराठीत पण मिळती आणि फुकट आहे. मागच्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटली नाही, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं असं प्रत्येकाला ० ते ३ मार्क द्यायचे, एकूण २७. दहा किंवा वर आले की डॉक्टरला दाखवायचं, वीस किंवा वर म्हणजे जोरात आहे. नववा प्रश्न मरायच्या विचारांचा आहे, त्याला शून्य सोडून काहीही आलं तर एकूण किती आले ते न बघता त्याच दिवशी दाखवा. ह्यानं निदान होत नाही, फक्त जायचं का नाही हे ठरतं.

सोबत एक करा, आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडनं थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ करून घ्या. थायरॉईड कमी असलं की माणूस हुबेहूब डिप्रेशनसारखा सुस्त, उदास होतो, बायकांच्यात रक्त कमी असणं तर घरोघरी आहे. रिपोर्ट हातात असले की पुढच्या डॉक्टरचा एक फेरा वाचतो. बाळंतपणानंतर माहेरी आलेली पोरगी दोन आठवडे झाले तरी रडत असेल, बाळाकडं बघवत नसेल, तर ते "ओली बाळंतीण, होतंय असं" म्हणून सोडू नका, गावातल्या आशाला सांगा, ती पीएचसीतनं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातनं, पुढं पाठवती.

पहिला फोन

१४४१६, टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट. लागला नाही तर १८००-८९१-४४१६. वीस भाषा आहेत, मराठी त्यातली एक, तेव्हा भाषा निवडायला सांगितलं की मराठी निवडा, समोरनं कन्नडात आवाज आला तर ठेवून देऊ नका, मराठीत बोलणारं माणूस पाहिजे एवढं सांगा. नाव सांगायची सक्ती नाही. आधी काउन्सेलर बोलतो, गरज वाटली तर पुढं मानसोपचार तज्ज्ञाकडं जोडून देतात, आणि तुमच्या जवळ सरकारी कुठं दाखवायचं ते पण त्यांनाच विचारायचं. ज्याला दवाखान्याचं नाव काढलं की धडकी भरती त्याच्यासाठी ही सगळ्यात सोपी पायरी आहे, शेतात बांधावर बसून पण होतं. एका फोनवर डिप्रेशन जाणार नाही हे वेगळं सांगायला नको.

कोण कोण असतं

इथं लोकांचा लै घोळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस नंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, ह्या तिघांत गोळ्या हाच लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए-एमएस्सी करून वर एमफिल वगैरे केलेला, हा बोलून उपचार करतो आणि टेस्ट घेतो, ह्याच्याकडं रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा म्हणजे आरसीआयचा नंबर असतो. तो नंबर विचारायला लाजू नका. काउन्सेलर म्हणजे एमए सायकॉलॉजी किंवा एमएसडब्ल्यू करून ह्या कामात पडलेली माणसं, त्यांच्यात हिऱ्यासारखी पण आहेत आणि चार शनिवार-रविवारचा कोर्स करून फ्लेक्स लावलेली पण आहेत, तेव्हा शिक्षण काय, किती वर्षं डिप्रेशनचे पेशंट बघताय, आणि गोळी लागली तर कुणाकडं पाठवता, हे तीन प्रश्न विचारायचे. तिसऱ्याला "गोळ्यांची गरजच नाही, मी बरं करतो" असं उत्तर आलं की चहा पिऊन परत यायचं.

माझं मत, हलकं असेल तर काउन्सेलर पासनं सुरू केलं तरी चालतं. खरं झोप-जेवण गेलंय, कामावर जाणं बंद झालंय, मरायचे विचार येतायत, भलतंच काही ऐकू येतंय, तर आधी सायकियाट्रिस्ट, नंतर काउन्सेलिंग.

जायचं कुठं

खेडेगावातनं सुरुवात करायची तर तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल. कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून कार्यक्रम आहे, त्यात ठरलेल्या मंगळवारी तालुका हॉस्पिटलात मानसोपचार तज्ज्ञ येतात, म्हणून त्याला सुपर ट्यूसडे क्लिनिक म्हणतात. कुठला मंगळवार ते आधी फोन करून किंवा आशाकडनं विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा होतो. आमच्याकडं मंगळवार यल्लम्माचा वार, घरातली म्हातारी माणसं नको म्हणायला लागली तर देवीच्या वारीच औषध चालू करूया म्हणून बघा, चालतं ते.

बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्सचं हॉस्पिटल, तिथं सायकियाट्रीची ओपीडी आहे. चिठ्ठी काढायच्या लाईनीत सकाळी लवकर उभारायचं. काउंटरवर भाषेचं अडलं तर "डॉक्टरना मराठी बरतैतेन्री?" (मराठी येतं काय) एवढं विचारलं तरी कुणीतरी मदतीला येतं. नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलात पण सायकियाट्री विभाग आहे. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर आधी सगळी हिस्टरी लिहून घेतात मग मोठे डॉक्टर येतात, तेच तेच दोनदा सांगायला लागतंय म्हणून वैतागू नका, आणि शिकाऊ असला म्हणून हलकं समजू नका, निवांत ऐकणारा बऱ्याचदा तोच असतो.

जोरात असेल, अॅडमिट करायला लागणार असेल, किंवा इथं गुण येईना तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल. आमच्या भागात कुणी जरा वेगळं वागलं की "धारवाडला नेऊन घाला" म्हणतात, म्हणून लोक तिथं जायला बिचकतात. १८४५ पासनंचं हॉस्पिटल आहे ते, आता शिकवणारी मोठी संस्था आहे आणि ओपीडीत शेकड्यांनी साधी, कामाधंद्याची माणसं झोप येत नाही, मन लागत नाही म्हणून येऊन औषध घेऊन संध्याकाळी घरी जातात. बेळगावपासनं बसनं दीड-दोन तास. बायकांना २०२३ पासनं शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसमधे तिकीट नाही, कर्नाटकातल्या पत्त्याचं आधार जवळ ठेवायचं.

निपाणी, चिकोडीवाल्यांना कोल्हापूर जवळ, तिथं सीपीआर म्हणजे सरकारी हॉस्पिटल आहे आणि मराठी बोलणारे खाजगी डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट भरपूर. अथणी, कागवाडकडच्यांना मिरज-सांगली. बोलण्याच्या उपचारासाठी हा रस्ता मला सगळ्यात बरा वाटतो. फक्त दोन गोष्टी. शक्तीचं फुकट तिकीट तुम्हाला सीमेपलीकडं कोल्हापूर, मिरजेपर्यंत नेत नाही, आणि दर आठवड्याला जायचं असतं तेव्हा येण्याजाण्याचा खर्च, बुडणारी हजेरी धरून हिशोब करा, तीन वेळा जाऊन सोडण्यापेक्षा जवळचं बरं.

पैशाचं सांगायचं तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, खरं ते मुख्यतः अॅडमिट झालेल्यांसाठी. महाराष्ट्र सरकारनं ८६५ सीमाभागातल्या गावांसाठी २०२३ मधे जाहीर केलेली फुले जनआरोग्य योजना पण हॉस्पिटलच्या उपचारांचीच. दर आठवड्याच्या काउन्सेलिंगचे पैसे यातनं मिळतील म्हणून थांबून राहू नका. उद्यमबागेत किंवा फाउंड्रीत कामाला असाल आणि पगारातनं ईएसआय कापतात तर ईएसआयमधनं पाठवून घ्या. घरात रिटायर फौजी असेल, आणि आमच्या गावांत ते असतातच, तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड काढा बाहेर, त्यात सायकियाट्री पण येती, बायकोला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला पण चालतं. गोळ्या जनऔषधीत बऱ्याच स्वस्त पडतात, चिठ्ठीवर कंपनीचं नाव असलं तर आतल्या औषधाचं नाव लिहून घ्या.

पहिल्या वेळी जाताना

वहीचं एक पान घ्या. कधीपासनं, आधी असं कधी झालंय काय, घरात कुणाला, झोप किती वाजता लागती आणि किती वाजता मोडती, दारू-तंबाखू किती (खरं लिहा, निपाणीकडं तंबाखू कुणाला नवीन नाही), बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या, आणि आधी देवाचं, जडीबुटीचं काय केलंय. आणि एक महत्त्वाचं, मधे कधी असं झालंय काय की आठ-पंधरा दिवस झोप न घेता पण अंगात नुसता जोर, बोलणं थांबत नाही, भरमसाट खर्च, मोठमोठे बेत. हे असलं तर डॉक्टरना सांगितलंच पाहिजे, कारण तो बायपोलर नावाचा वेगळा आजार असू शकतो, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर उलटं होऊ शकतं. पेशंट स्वतः हे सांगत नाही, त्याला ते दिवस चांगले गेलेले वाटतात, म्हणून सोबतच्यानं सांगायचं.

सोबत एकच माणूस न्या. मामा, काका, मेव्हणा अशी जीप भरून गेलं की पेशंट तोंड उघडत नाही. आणि थोडा वेळ तरी पेशंटला आत एकट्याला बोलू द्या, नवरा किंवा सासूबाई शेजारी बसून उत्तरं देत असतील तर ती बाई काय सांगणार आहे? डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत तर सोबतच्यानंच उठून बाहेर यावं. एका हॉस्पिटलात मोठ्यानं "मेंटलचा पेशंट कोण, पुढं या" म्हणून हाक मारलेली मी ऐकलीय, अख्खी बाकडी वळून बघायला लागली. असलं झालं तर राग येतोच, खरं म्हणून परत घरी जाऊ नका. तुमची माहिती गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, तिथल्या तिथं हळू आवाजात सांगितलं तरी चालतं.

काउन्सेलिंगमधे नेमकं काय होतं

पहिली एक-दोन सेशन नुसती माहिती घेण्यात जातात, तेव्हा "पाचशे रुपये देऊन मीच बोलतोय" असं वाटणार. ते धरून चाला. साधारण पाऊण तास, आठवड्यातनं एकदा. डिप्रेशनला सीबीटी नावाची पद्धत जास्त वापरतात, आठ ते सोळा-वीस सेशन लागू शकतात. त्यात उपदेश नसतो. उदाहरण सांगतो, माणूस म्हणतो मला काहीच जमत नाही, तर काउन्सेलर म्हणणार कालचा दिवस तासातासानं सांगा, मग त्यातनं दिसतं की सकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर तासभर बरं होतं आणि अकरा ते चार अंथरुणात पडल्यावर सगळं अंगावर येतं. मग आठवड्याचा गृहपाठ, अकराला घरातनं बाहेर पडायचं, नुसतं पारापर्यंत, मन असो नसो, आणि आल्यावर कसं वाटलं ते दहापैकी मार्क देऊन लिहायचं. मन झालं की करीन असं म्हणून डिप्रेशनमधे मन होत नाही, आधी करायला लागतं मग मन थोडं येतं, ह्या एका गोष्टीवर कितीतरी सेशन जातात. दुसरा भाग विचारांचा, ऊसाचं बिल थकलं म्हणून "मी बापाचं नाव घालवलं" इथपर्यंत उडी कशी जाती ते कागदावर मांडून तपासायचं.

तीन-चार सेशन झाली आणि तुम्हाला त्या माणसाजवळ बोलवंना तर त्याला तसं सांगा, जमलं नाही तर बदला. यात अपमान नाही कुणाचा. जातीवरनं, लग्नावरनं, देवावरनं शिकवायला लागला, किंवा तुमचं दुसऱ्याला सांगितलं, तर लगेच सोडा.

ऑनलाईन सेशन घेता येतात, मराठी काउन्सेलर पुण्याचा असला तरी मग चालतो, आपल्या भागाला खरं तर ही मोठी सोय झालीय. अडचण दोनच, जांबोटी-कणकुंबीकडं रेंज नाही आणि घरात एकांत नाही. व्हिडिओ नको, साध्या कॉलवर घ्या, आणि गच्चीवर, उभ्या गाडीत, देवळामागं कुठंतरी जागा आधी ठरवून ठेवा. घरात बसून कानात हेडफोन घालून हळू आवाजात घेतलेलं सेशन म्हणजे निम्मं लक्ष दाराकडं.

गोळ्यांबद्दल

डिप्रेशनच्या गोळ्या, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन वगैरे, ह्यांची सवय लागत नाही. लोक घाबरतात ते झोपेच्या गोळ्यांना, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, त्यांची लागू शकती, म्हणून त्या थोडे दिवसच देतात आणि मेडिकलवाल्याकडनं परस्पर घेऊन वाढवायच्या नाहीत. डिप्रेशनच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे, पुरा फरक पडायला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, कधी जास्तच घालमेल होती, नेमकं तेव्हाच लोक सोडतात. पोरगं पंचविशीच्या आतलं असेल तर सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं, मरायचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरना कळवायचं. बरं वाटल्यावर पण साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायला लागतं, आणि बंद करताना हळूहळू, डॉक्टर सांगतील तसं. एकदम सोडलं की चक्कर, करंट लागल्यासारखं डोक्यात, चिडचिड होती.

घरच्यांसाठी

देवाला जायचं असेल तर जावा. सौंदत्तीला जाऊन आल्यावर माणसाला बरं वाटत असेल तर त्यात डॉक्टरचं काय जात नाही. फक्त देवर्षीनं गोळ्या बंद करा म्हटलं, मारझोड केली, उपाशी ठेवलं, तर तिथनं उठून यायचं. आणि "तुला काय कमी आहे", "लग्न करून टाकूया म्हणजे सुधरंल", "काय करालायस दिवसभर झोपून" ही वाक्यं बंद करा. त्यापेक्षा दवाखान्याची तारीख लक्षात ठेवा, बसस्टँडवर सोबत जावा, गोळी घेतली काय ते टोचून न विचारता पाण्याचा तांब्या तेवढा समोर ठेवा.

बरं झाल्यावर फाईल माळ्यावर टाकून देऊ नका, सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो मोबाईलमधे ठेवा, धारवाडची चिठ्ठी कोल्हापुरात दाखवायची वेळ येती तेव्हा तीच कामाला येती. आणि आधी झालेलं डिप्रेशन परत येऊ शकतं, त्यामुळं शेवटच्या सेशनला काउन्सेलरकडनं तुमच्या सुरुवातीच्या खुणा लिहून घ्या, कुणाची पहाटे तीनला झोप मोडती, कुणी फोन उचलायचा बंद करतो. ती यादी घरातल्या एका माणसाजवळ द्या, आणि त्यातलं काही सलग आठ दिवस दिसलं तर तुम्हाला न विचारता नंबर लावायची परवानगी त्याला आत्ताच देऊन ठेवा.